कीर्तनकाराचे बाड आणि कादंबरीकाराचा आराखडा

हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरचे नाव आज निघते ते धरणामुळे. पूर्णेवर वरच्या अंगाला, जिंतूर तालुक्यात, येलदरी. खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर. येलदरीला पाणी साठते, तिथल्या २२.५ मेगावॅटच्या वीजघरातून खाली सुटते, सिद्धेश्वरला पुन्हा अडते आणि कालव्याला लागून वसमत, परभणी, नांदेडच्या शिवारांत पोचते. हे सारे साठच्या दशकात पुरे झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून या टापूतून बाहेर जात आली आहे ती गोष्ट. धरणापासून जवळच औंढ्याचे नागनाथाचे देऊळ आहे, कयाधूकाठी नामदेवांची नरसी आहे आणि कळमनुरी तालुक्यातले नांदापूर आहे, जिथे १९३२ साली नरहर कुरुंदकर जन्मले. मराठी कादंबरीची चिकित्सा करणारे त्यांचे ‘धार आणि काठ’ १९७१ साली आले. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याने आधी आराखडा करावा की लेखणी नेईल तिकडे जावे, हा वाद लेखन-कार्यशाळांमध्ये आज हिरिरीने घातला जातो. सिद्धेश्वरच्या पंचक्रोशीत उभे राहून पाहिले तर तो फार तर पावणेदोनशे वर्षांचा ठरतो. त्याआधी गोष्टीला आराखडा नव्हता असे नाही. तो होता आणि चांगला पक्का होता, फक्त लेखकाच्या मालकीचा नव्हता. तो ऐकणाऱ्यांच्या डोक्यात असे. पुढे छापखाना आला, वाचक अनोळखी झाला, आणि मग हा आराखडा कुणी सांभाळायचा हा प्रश्न पडला. मला मांडायचे आहे ते एवढेच: वाटेची जितकी माहिती ऐकणाऱ्याला आधीपासून आहे, तितका सांगणाऱ्याचा कागद कोरा राहिला तरी चालते, जितकी ती कमी, तितके कागदावर जास्त मांडावे लागते. ‘आराखडा करणारे’ आणि ‘न करणारे’ असे लेखकांचे दोन पंथ कल्पून या वादाचा निकाल लागत नाही.

औंढ्याचेच आख्यान घ्या. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली आहेत. मुक्ताबाई थापटण्याकडे बोट दाखवून विचारते, काका, हे कशासाठी? गोरोबा सांगतात, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग तेच थापटणे एकेका संताच्या डोक्यावर बसू लागते. बाकीचे निमूट सोसतात, नामदेव चिडतात, आणि गोरोबा निवाडा देतात: एवढे एक मडके कच्चे आहे. नामदेव रुसून पंढरपूर गाठतात, विठ्ठलाकडे गाऱ्हाणे नेतात. विठ्ठलही समजूत काढायची सोडून गुरू करायला सांगतो आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडतो. देवळात बघावे तर एक म्हातारा पिंडीवर पाय टाकून खुशाल निजलेला. पाय काढ म्हटले तर म्हणतो, बाबा, माझ्याने आता हलवत नाहीत. जिथे देव नसेल तिथे तूच नेऊन ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवतात तिथे खाली पिंडी. सगळी कथा पाच मुक्कामांची आहे, आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही गावी हरिनाम सप्ताहाला मांडी घालून बसलेल्या माणसाला ते पाचही पाठ असतात. तरीही तो रात्री दोन-दोन तास बसून ऐकतो. कारण मुक्काम ठरलेले असले तरी मधली वाट दर वेळी नवी असते. एखादा कीर्तनकार थापटण्याचा आवाज मृदंगाच्या थापेवर काढून घेतो आणि नामदेवांच्या डोक्याशी येताच मृदंग थांबवतो. दुसरा विठ्ठल-रुक्मिणीचा संवाद मध्ये घालून रुसव्यावरच अर्धा तास काढतो. पुढे काय होणार याची उत्सुकता इथे कुणालाच नसते. हे महाराज आज कसे सांगतात याची सगळ्यांना असते.

याच देवळाची दुसरी कथा अधिक दूर गेली. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी हटकले, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची म्हणून जी ६१ पदे आहेत, त्यांत देऊळ फिरल्याचा उल्लेख येतो. पंजाबातल्या ऐकणाऱ्याला औंढा कुठे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते; गाव गळले तरी सांगाडा शाबूत राहिला. साधारण १६०० च्या सुमारास नाभादासांनी ‘भक्तमाल’ रचली. तिच्यात नामदेवांच्या वाट्याला सहा ओळींचे एक छप्पय आले आहे आणि त्यातले प्रसंग अक्षरशः टिपण केल्यासारखे आहेत: विठ्ठलाचे दूध पिणे, मेलेली गाय उठणे, पाण्यातून पलंग जसाच्या तसा निघणे, देऊळ फिरणे, देवाने येऊन घर शाकारणे. एका प्रसंगाला जवळपास एक ओळ. ज्याने या कथा कधी ऐकल्या नाहीत त्याला या ओळींतून फारसे काही उलगडणार नाही, आणि ज्याला त्या येतात त्याला त्या आठवडाभराच्या कीर्तनांना पुरतील. प्रियादासांनी १७१२ मध्ये त्या ओळी फुलवल्या. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ ५७ अध्यायांत सांगितला, तेव्हा आपण हे मनाचे रचलेले नसून नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधाराने सांगत आहोत हे त्यांनी आवर्जून नमूद केले. आजच्या कादंबरीकाराला ‘कथानक माझे नाही’ हे कबूल करायला जीव नकोसा होईल. महिपतींना त्यात आपल्या ग्रंथाची पत दिसत होती. गोष्टीचा आराखडा चार पिढ्यांनी तपासून घेतलेला असावा आणि सांगण्याची हातोटी मात्र आपली असावी, अशी ती वाटणी होती.

या वाटणीचा कागदी पुरावा म्हणजे कीर्तनकाराचे बाड. आडवी, दोऱ्याने शिवलेली, वर्षानुवर्षे झोळीतून फिरून कडा काळ्या पडलेली वही. नामदेवांच्या परंपरेचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक ख्रिश्चन नोव्हेत्झके यांनी या बाडांना मोठे महत्त्व दिले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण पोथी ही वाचायची वस्तू आहे, बाड ही उभे राहण्याआधी चाळायची. बाडात अभंग असतात, पुष्कळदा नुसता पहिला चरण. प्रमाणासाठी लागणारी वचने असतात, एखादा संस्कृत श्लोक, आख्यानाचा क्रम, दृष्टांताची एका शब्दात खूण. नारदीय कीर्तनाची बैठकही ठरलेली: नमन, पूर्वरंगात निरूपण, मध्ये नामजप, उत्तररंगात आख्यान, शेवटी आरती. वारकरी कीर्तन एकाच अभंगाभोवती बांधलेले, पण त्यातही कुठे थांबून टाळकऱ्यांना चाल द्यायची आणि कुठे दृष्टांत टाकायचा याचा अंदाज आधी घेतलेला असतो. बाडात जे नसते तेही पाहण्यासारखे आहे. त्यात गोरोबाचे बोलणे नसते, नामदेवांचा संताप नसतो, विनोद तर नसतोच. जे समोरच्या माणसांचे तोंड बघून सुचायचे ते लिहून ठेवण्यात अर्थ नाही, हे त्या धंद्याला पक्के माहीत होते. कीर्तनकार बाडातून वाचू लागला तर श्रोते चुळबुळतात. बाडाशिवाय उभा राहिला आणि आख्यान भरकटले तर मात्र श्रोतेच त्याला मनातल्या मनात दुरुस्त करतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. कीर्तन ही भक्तीची गोष्ट, कल्पित कथा नव्हे. शिवाय शेवट सर्वांना ठाऊक. नवी गोष्ट रचणाऱ्याला त्यातून काय शिकायचे? उत्तरासाठी रंगभूमीकडे वळावे लागते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, ‘सीतास्वयंवर’ उभे केले. पदे भावे यांची, ती सूत्रधार म्हणे; गद्य भाषणे मात्र पात्रे आपल्या मनाने करीत. रामायण घरोघरचे असल्यामुळे हे निभले. राक्षसपार्टीच्या आरडाओरड्याची पुढे ‘अलल्डुर्र’ म्हणून थट्टा झाली खरी, पण त्या ओरड्यालाही जागा ठरलेली होती. तमाशाचा वग याहून पुढचा. गण, गवळण, बतावणी आणि मग वग हा क्रम पक्का, पण वगातली कथा पुराणातलीच असावी असा नेम नव्हता. उमाबाबू सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग १८६५ चा मानला जातो. तिथे गोष्ट नवी, आणि तरीही संवाद लिहून देण्याची चाल नव्हती. फडाचा सरदार गोष्ट सांगे, प्रवेशांचा क्रम लावून देई, सोंगे वाटून देई. बाकीचे फडावर घडे. सोंगाड्याने राजाला कुठे अडवायचे हे ठरलेले, काय बोलून अडवायचे ते त्या गावच्या पाटलावर आणि त्या वर्षीच्या पाऊसपाण्यावर अवलंबून. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आले ते लिहिलेल्या संहितेसह, पण दादा कोंडके यांच्या तोंडी ते रोज बदलत राहिले. संहिता पुन्हा बाडासारखी वापरली गेली. तेव्हा कथा कल्पित असली, नवी असली, तरी आराखडा आणि उत्स्फूर्तपणा एका फडावर नांदत आले आहेत. फरक एकच होता: वगाचा शेवट प्रेक्षकाला ठाऊक नसला तरी त्यातली माणसे ठाऊक होती. राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई यांच्याकडून काय अपेक्षा करायची ते त्याला येण्याआधीच माहीत असे.

ही सोय मोडली ती १८६१ च्या आसपास. त्या वर्षी विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले, आधी पूर्ण लिहून मग करायचे नाटक. असल्या नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणू लागले. त्याच वर्षी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ निघाली. चार वर्षे आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ येऊन गेले होते. कीर्तन्यांनी शहाणपणाने असा विषय घेतला की ज्याचा शेवट प्रेक्षकाला माहीत होता: थेऊर, क्षय, रमाबाईंचे सती जाणे. हळब्यांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या वाचकाला मात्र नवे गाव, नवा राजपुत्र, नवे कारस्थान असे सगळेच परके. ‘मंजुघोषा’च्या (१८६८) प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबुडांनी तक्रार केली आहे की आपल्याकडच्या रोजच्या जगण्यात कादंबरीला पुरेल असे मनोरंजक काही घडतच नाही. या तक्रारीला आपण आज हसतो. पण धंद्याच्या नजरेने ती नीट वाचावी. वाचकाकडे आधीपासून असलेला आराखडा वापरायचा नाही असे ठरवले, की सगळा डोलारा लेखकाला स्वतःच्या खर्चाने उभा करावा लागतो, आणि तो खर्च भागवायला ही मंडळी संस्कृत आख्यायिका, फारसी किस्से, इंग्रजी कादंबऱ्या अशा जमेल त्या ठिकाणाहून उसनवारी करीत होती. त्यांच्या कादंबऱ्यांत योगायोगांची जी गर्दी दिसते ती आराखडा नसल्यामुळे नव्हे. आराखडा भरगच्च होता, पण वाचकाच्या ओळखीचा नव्हता.

हरिभाऊ आपट्यांनी ही कोंडी फोडली, आणि आराखड्याच्या विरोधकांचा सर्वांत बळकट साक्षीदारही तेच आहेत. ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली ती रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या धाटणीवर; पण काही प्रकरणांतच रेनॉल्ड्सचे लंडन मागे पडले आणि पुण्याचे पांढरपेशे घर पुढे आले. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले. ‘पण लक्ष्यात कोण घेतो!’, ‘मी’, ‘उषःकाल’ ही सगळी त्यातून हप्त्याहप्त्याने आली. आठवड्याचा मजकूर छापखान्याला द्यायचा, मागचे हप्ते वाचकांच्या हातात गेलेले, खोडता येत नाही. सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी डोक्यावर नाव दिले होते ‘आजकालच्या गोष्टी’, म्हणजे कथानकाचे काही वचनच दिले नव्हते. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, कित्येकींत पाल्हाळ आहे, ‘मी’मध्ये तर निरूपणाला पूर येतो. तरीही ‘पण लक्ष्यात कोण घेतो!’ मराठीतली पहिली मोठी कादंबरी ठरली. मग आराखड्याशिवाय उत्तम कादंबरी होते, हे सिद्ध झालेच ना?

मला तसे वाटत नाही. त्या कादंबरीची नायिका यमू, तिच्या गोष्टीला आराखडा होता, तो हरिभाऊंना बनवावा लागला नाही इतकेच. लहानपण, लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईला चार दिवस सुखाचे, मग वैधव्य, मग केशवपन: पांढरपेशा ब्राह्मण घरातल्या मुलीच्या आयुष्याचे हे मुक्काम १८९० च्या प्रत्येक वाचकाला औंढ्याच्या आख्यानाइतके पाठ होते. रूढीने आखून ठेवलेली ती वाट होती. नवरा रघुनाथराव गेल्यावर शंकरमामंजींच्या घरात यमूचे काय होणार हे वाचकाला कळून चुकलेले असते, आणि म्हणूनच तो वाचत राहतो. कदाचित या खेपेच्या हप्त्यात ती सुटेल अशी आशा करीत. हप्ता उशिरा लिहिला, मधल्या प्रकरणात फापटपसारा झाला, तरी गोष्ट वाट चुकत नाही. कारण ती वाट समाजाने घालून दिली होती आणि कादंबरीचा सगळा रोख त्या वाटेविरुद्धच होता. ‘उषःकाल’ला हाच आधार इतिहासाने दिला. वाटा अशा कुणीतरी आखलेल्या होत्या तिथे हरिभाऊ निर्धास्त लिहू शकले. हा निव्वळ प्रतिभेचा चमत्कार आहे असे म्हणून जे नवे लेखक हरिभाऊंचा दाखला देतात, ते त्यांच्याकडून चुकीची गोष्ट उचलतात.

हप्त्याने लिहिणाऱ्याला कागदावर काहीच लागत नाही, असेही नाही. डिकन्स मासिक हप्त्यांनी लिहीत असे, आणि ‘डॉम्बी अँड सन’पासून पुढच्या कादंबऱ्यांची त्याची टिपणे राहिली आहेत. हप्त्यामागे एक कागद, मधोमध दुमडलेला. डाव्या अर्ध्यात स्वतःलाच विचारलेले प्रश्न, हे पात्र आता आणायचे का, हे अजून थांबवायचे का, आणि त्यापुढे त्यानेच दिलेली तुटक उत्तरे. उजव्या अर्ध्यात प्रकरणांची नावे आणि काय काय घडले त्याची नोंद. हे आपल्या बाडाचेच भावंड म्हणायला हरकत नाही. लांबीला तेवढेच, आणि वाचकाला दाखवायचे नाही म्हणून तितकेच गबाळे. लंडनच्या वाचकाला डिकन्सची कारस्थाने आधीपासून पाठ नव्हती. जे वाचकाच्या डोक्यात नव्हते ते त्या दुमडलेल्या कागदावर आले.

ना. सी. फडके याच अडचणीतून उभे राहिले. ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये आले तेव्हा मराठी मासिकांचा वाचक बदललेला होता: कॉलेजात शिकलेला, प्रेमकथा मागणारा, रूढीने आखलेल्या आयुष्याच्या बाहेर काय घडू शकते याची उत्सुकता असलेला. अशा वाचकासाठी रचलेल्या गोष्टीत नायक-नायिकेची भेट, गैरसमज, कलाटणी हे सारे लेखकालाच जुळवायचे होते, कारण त्याला लोकाधार काहीच नव्हता. म्हणून फडक्यांनी तंत्र सांगितले: गुंता कुठे पडावा, उत्कंठा कशी वाढवावी, शेवटाची तयारी कधीपासून करावी. त्यांची टिंगल करणे आज सोपे आहे. पण पन्नासाहून अधिक कादंबऱ्या वेळेवर पुऱ्या करून देणाऱ्या माणसाला आराखड्याची किंमत समजली होती यात शंका नाही. त्यांचे चुकले ते दुसरीकडे. जे एका विशिष्ट प्रकारच्या गोष्टीला लागत होते, ते त्यांनी गोष्ट या जातीचाच नियम म्हणून सांगितले, आणि त्यांच्या मागून लिहिणाऱ्यांनी आराखड्याचा साचा केला. मग सगळ्याच कथा शेवटच्या परिच्छेदात तेवढ्याच अंशात वळू लागल्या. चाळीसच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी हे झुगारले ते रास्तच होते.

या मंडळींच्या नवकथेनंतरचा दाखला म्हणून ‘कोसला’ हटकून पुढे केली जाते. १९६३ ची कादंबरी, तिचे लेखक नेमाडे पंचविशीतले, आणि ती दोनतीन आठवड्यांत एका झपाट्यात लिहिल्याचे सांगतात. इतक्या थोड्या दिवसांत कुणी आराखडा करतो का? करत नाही, आणि करण्याची गरजही नव्हती. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जाणे, वसतिगृह, पैशांची उधळमाधळ, परीक्षेत आपटणे, घरी परतणे: १९५० नंतर शिकायला शहरात आलेल्या एका सबंध पिढीचा हा प्रवास होता. पांडुरंग सांगवीकरच्या आयुष्याचे मुक्काम बहिणाबाईंच्या खानदेशातल्या, वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या हजारो घरांत ठाऊक होते. या ठरलेल्या वाटेवर लेखकाने रोजनिशी घातली, इतिहासाची टवाळी घातली, बहिणीच्या मरणाची ती पाने घातली, जी कुठल्याही आराखड्यात मावली नसती. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’, १९७१ ची, मराठवाड्याच्या बोलीत पारबतीच्या तोंडून सांगितलेली. शिंप्याचे घर गावाशी वाकडे येऊन धुळीला मिळते; पहिल्या काही पानांतच जाणत्या वाचकाला पुढचे दिसू लागते. गावगाड्यात असे काय होते हे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून बोराड्यांना सारी ताकद पारबतीच्या बोलण्यावर लावता आली, आणि कादंबरी लहान असून जड झाली.

उलट बाजूचा पुरावा रहस्यकथेचा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड कसे वागतील, कसे निसटतील याचा साचा वाचकांना तोंडपाठ असल्यामुळेच एवढा पल्ला गाठता आला. पण प्रत्येक पुस्तकातला गुन्हा नवा, आणि गुन्ह्याचा उलगडा वाचकापासून लपवायचा. जिथे लपवायचे आहे तिथे आधी ठरवलेच पाहिजे. शेवटापासून मागे येत खुणा पेरल्याशिवाय रहस्य उभे राहत नाही. विज्ञानकथेला आणि कल्पित राज्यांच्या कथेला हेच लागू पडते. वाचकाला जग अनोळखी, म्हणून लेखकाच्या वहीत नकाशा, वंशावळ, कालक्रम हे हवेतच. ज्याला असे काही लिहायचे आहे त्याने ‘मला आराखडा जमत नाही, मी आतून लिहितो’ म्हणणे हा आळस आहे, दुसरे काही नाही.

आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो लेखकांचाच आहे: सगळे आधी ठरवले की लिहिण्यातली गंमत जाते, पात्रे बाहुली होतात. यात तथ्य आहे, पण ते आराखड्याच्या असण्याबद्दलचे नसून लांबीबद्दलचे आहे. सिद्धेश्वरचे धरण नकाशाशिवाय बांधता आले नसते. त्यातून कालव्याला पाण्याची आवर्तने किती सोडायची हे मात्र दर वर्षी पावसाळा उलटल्यावर, साठा बघून, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. आवर्तनेही साठ वर्षांची एकदम ठरवून ठेवली असती तर ती कोरड्या सालात खोटी ठरली असती आणि ओल्या सालात निरुपयोगी. कथालेखकाच्या वहीत मुक्काम असावेत, फार तर एका मुक्कामाहून दुसऱ्याकडे जाण्याचे कारण असावे. संवाद असू नयेत, वर्णने असू नयेत, ‘इथे वाचकाला गहिवर येतो’ अशी टीप तर मुळीच असू नये. चाळीस पानांचा आराखडा केलेल्या कादंबऱ्या बहुधा तिथेच संपलेल्या असतात. लेखकाची सांगण्याची हौस आराखड्यातच फिटून जाते. श्रावणातली कहाणी आपल्या शेवटाला स्वतःच कबूल करते की साठ उत्तरांचे पाचांत सांगितले आहे. चांगला आराखडा तसा असावा, पाचांतच राहिलेला, म्हणजे साठ सांगण्याची भूक शिल्लक राहते.

आराखडा करणारा आणि सांगणारा ही माणसे निराळी असली तर काय होते, याचा प्रयोग आपल्याकडे आता रोज संध्याकाळी चालू असतो. दूरचित्रवाणी मालिकांच्या नामावळीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वरवर पाहता ही भावे-सूत्रधार-पात्रे यांचीच वाटणी आहे, किंवा फडाच्या सरदाराची. पण सरदार फडावर हजर असे. गोष्ट पडतेय असे दिसले तर सोंगाड्याला खूण करून तो प्रवेश आवरता घेई. मालिकेत वाट बदलते ती मागच्या आठवड्याच्या टीआरपीच्या आकड्यांवरून, ज्यांनी संवाद लिहायचे त्यांना न विचारता, आणि नायिकेची हरवलेली जुळी बहीण दोनशेव्या भागात उगवते. प्रेक्षकालाही ती येणार हे आधी कळलेले असते. औंढ्याच्या आख्यानात शेवट माहीत असणे हीच श्रोत्याच्या बैठकीची सोय होती. इथे तो माहीत असूनही माणूस चॅनेल बदलतो, कारण संवाद लिहिणाऱ्यालाच पुढचा मुक्काम ठाऊक नसल्यामुळे त्याला तिथवरची वाट रंगवताच येत नाही.